'कोअर डम्प' आणि गाभ्याचा घोळ

सी शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: प्रोग्राम कोसळला की पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड' असं येतं. क्लासच्या मराठी नोट्समध्ये त्याचं भाषांतर 'गाभा फेकला' असं दिलंय. ते बरोबर आहे का?

नाही. आणि हा गाभा आता माझ्या डोक्यात जायला लागलाय. कोअर दिसला की ठोक गाभा! आठ कोअरचा फोन म्हणजे म्हणे आठ गाभ्यांचा. अहो, केळीच्या खांबालाही एकच असतो.

गाभ्याशी माझं वैर नाही. संस्कृत 'गर्भ', प्राकृत 'गब्भ', त्यातून गाभा, गाभारा, गाभण. आत जपून ठेवलेलं ते. पण डम्पमधला कोअर तसा नाहीच. तो मणी आहे.

खराखुरा मणी. फेराइट या चुंबकीय पदार्थाचा, मधे भोक असलेला, सुरुवातीला दोनेक मिलिमीटरचा, पुढे मोहरीहूनही बारीक. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या 'व्हर्लविंड' संगणकात अभियंते जे फॉरेस्टर यांच्या गटाने अशा मण्यांची मेमरी बसवली आणि पुढची वीसेक वर्षं जगभर तीच चालली. उभ्या-आडव्या तारांची जाळी, प्रत्येक छेदाशी एक मणी, एका मण्यात एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक. दोन्ही तारांतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला की फक्त त्या छेदावरचा मणी आपली चुंबकीय दिशा पालटतो, बाकीचे ढिम्म. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची मेमरी हीच: २०४८ शब्द, प्रत्येकी ४० बिट. म्हणजे ८१,९२० मणी, कुणीतरी ओवलेले.

वाचण्याची तऱ्हा तर बघा. मण्यात शून्य आहे की एक हे कळायला त्याला शून्याकडे ढकलायचं. पालटला तर तारेत झटका येतो, म्हणजे एक होता. पण आता तो पुसला गेला, म्हणून परत लिहायचा. 'झोपलास का' विचारायला पोराला उठवायचं आणि मग पुन्हा थोपटून निजवायचं, तसं.

मग याला कोअर का म्हणाले? ट्रान्सफॉर्मरमुळे. तिथे तारेचे वेढे ज्या लोखंडाभोवती घालतात तो कोअर, आणि तिथे 'गाभा' चपखल बसतो. मेमरीत मामला उलटा झाला: तार आत, कोअर बाहेर. नाव मात्र जुनंच राहिलं. परिभाषा घडवणाऱ्या एका ज्येष्ठांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, "मूळ अर्थ गाभाच ना?" मूळ अर्थ धरायचा तर माउसला उंदीर म्हणा आणि मोकळे व्हा.

माझं म्हणणं, तेव्हाच 'मणी-स्मृती' म्हणायला हवं होतं. मणी आला की ओवणं आलं, आणि ओवण्यावरूनच 'ओवी' आली असं मानतात. अपोलो यानाच्या संगणकात तर प्रोग्रामच ओवलेला होता! तार मण्यातून गेली तर एक, बाहेरून वळसा घालून गेली तर शून्य, आणि ते काम कारखान्यात बायका हाताने करत. जात्यावरच्या ओवीला याहून जवळची बहीण शोधून सापडायची नाही. हे कुणाला ओढूनताणून वाटेल. वाटू दे.

हां, प्रश्न. मणी गेले, चिप आल्या, पण मेमरीला 'कोअर' म्हणायची सवय युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना राहिली. प्रोग्रामने आपली नसलेली जागा चाचपली की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला थांबवते आणि त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे होतं ते 'कोअर' म्हणतात त्या फाइलमध्ये ओतते. किल्ली सापडत नसली की आपण पर्स पलंगावर उपडी करतो, तेच. त्यात फेकण्यासारखं काही नसतं, उलट नंतर शांतपणे तपासायला ठेवलेलं असतं. तेव्हा नोट्समध्ये 'गाभा फेकला' खोडून 'मेमरी फाइलीत ओतली' लिहा. ती फाइल जीडीबी या चुका शोधायच्या प्रोग्राममध्ये उघडून 'बीटी' टाइप केलंत, तर प्रोग्राम कुठल्या ओळीवर पडला तेही दिसेल; कंपाइल करताना तेवढं 'उणे जी' (-g) द्या.

आणि फॉल्ट का आला ते तुम्ही विचारलं नाहीत, पण 'स्कॅनएफ'मध्ये अँपरसँड राहिलाय का, ते एकदा बघून घ्या.