मांसासाठी पाळलेल्या गाई गाभण राहत नाहीत आणि वासरं हगवणीने जातात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ६० गाई आहेत, वासरं वाढवून मांसासाठी विकता, गेल्या हंगामात १५ गाई रिकाम्या राहिल्या, वर ६-७ वासरं हगवणीने गेली, तर आता कोणतं टॉनिक आणि कोणती लस चालू करू. टॉनिक आधी डोक्यातून काढा. मी बरीच वर्षं असाच कळप सांभाळतेय, आणि माझं पक्कं मत झालंय की ही दोन्ही दुखणी बहुतेक वेळा एकाच जागेवरून येतात: गाय व्यायच्या वेळी अंगाने उतरलेली असते.

साधा हिशोब बघा. गाय साधारण २८३ दिवस गाभण असते. वर्षाला एक वासरू पाहिजे तर ३६५ मधून २८३ गेले, उरले ८२ दिवस, त्यातला दीडेक महिना गर्भाशय पूर्ववत व्हायलाच जातो, म्हणजे तुमच्या हातात २१-२१ दिवसांचे जेमतेम दोन माज. गाय हडकुळी असली की ती या काळात माजावरच येत नाही. आधी स्वतःचा जीव, मग अंगावरच्या वासराचं दूध, पुढच्या गर्भाचा नंबर सगळ्यात शेवटी.

म्हणून व्यायच्या तीन महिने आधी प्रत्येक गाईला अंगावर मांस-चरबी किती आहे ते बघून १ (हाडांचा सापळा) ते ९ (फार लठ्ठ) मध्ये मार्क द्या, बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात त्याला. लांबून बघून देऊ नका, थंडीत केस वाढले की हाडं वर आलेली गायही भरलेली दिसते, मी स्वतः फसलेय. हात लावा. बरगड्या डोळ्याला दिसत नाहीत पण दाबलं की बोटांना लागतात, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना मऊ लागायला लागलंय, ती ५ ची गाय. मागच्या दोन-तीन बरगड्या लांबूनच मोजता येत असतील तर ४ किंवा त्याखाली. व्यायच्या वेळी मोठ्या गाई ५ आणि पहिलारू कालवडी ६ वर पाहिजेत. एक मार्क म्हणजे साधारण ४० किलो वजन, तीन महिन्यांत ते चढतं, पण एकदा व्याली की खाल्लेलं सगळं दुधात जातं, मग कितीही घाला अंगाला लागत नाही. कालवडी आणि हडकुळ्या गाई वेगळ्या बांधा किंवा वेगळ्या कुंपणात ठेवा, नाहीतर दांडग्या गाई त्यांना गव्हाणीला तोंड लावू देत नाहीत. आणि चारा वाळलेला, निकस असेल तर धान्य वाढवण्याआधी पेंड द्या, कारण चाऱ्यात प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातले जंतू नीट काम करत नाहीत, चारा पचत नाही आणि गाय खातेही कमी.

आता हगवण. उतरलेल्या गाईचं वासरू बऱ्याचदा ढिलं जन्मतं, उशिरा उठतं, उशिरा सड धरतं, आणि इथेच ते हातचं जातं. चिकातली रोगप्रतिकारशक्ती वासराच्या आतड्यातून रक्तात जायचं दार २४ तासांत बंद होतं, पहिल्या सहा तासांत ते सगळ्यात उघडं असतं. मी नवीन वासराच्या तोंडात बोट घालून बघते, तोंड गरम आणि बोट जोरात चोखतंय तर काळजी नाही, तोंड गार आणि जीभ नुसती पडलेली असेल तर आईची वाट न बघता चीक काढून तीनेक लिटर पाजायचा, गरज पडली तर डॉक्टरकडून शिकून घेऊन नळीने. हगवणीची लस व्यायच्या एक-दीड महिना आधी गाईला देतात ती चिकातूनच वासराला मिळते, चीक पोटात गेला नाही तर लसीचे पैसे वाया. (कधी द्यायची ते त्या त्या लसीवर लिहिलेलं बघा.) दुसरं म्हणजे सगळ्या गाई एकाच चिखलात विऊ देऊ नका. दर आठवड्याला न व्यालेल्या गाई पुढच्या स्वच्छ रानात हलवा, व्यालेल्या वासरांसकट मागेच राहू द्या. मोठ्या वासरांच्या शेणातून जंतू नव्या वासरांना लागतात, तेवढी साखळी तुटली तरी खूप फरक पडतो.

वळूचं तपासलंत का? एका वर्षी माझा वळू रोज गाईंवर चढत होता म्हणून मी निर्धास्त होते, पण गाई २१ दिवसांनी उलटत, म्हणजे परत माजावर येत होत्या, तपासलं तर वीर्यच खराब निघालं. हंगाम निम्मा गेला होता. तेव्हापासून हंगामाच्या दोन महिने आधी वीर्य, अंडकोषाचा घेर आणि पाय तपासल्याशिवाय वळू सोडत नाही, आणि एका मोठ्या वळूमागे २५-३० च गाई. जंताचं औषध आणि बाकीच्या लसींचं वेळापत्रक मात्र तुमच्या डॉक्टरकडूनच घ्या, ते भागाप्रमाणे बदलतं. फक्त बीव्हीडीबद्दल (बोव्हाइन व्हायरल डायरिया, गाईंचा एक विषाणूचा रोग) जरूर विचारा. गर्भातच लागण झालेलं एखादं वासरू जन्मभर विषाणू सोडत राहतं आणि गाई गाभडतात, कानाच्या छोट्या तुकड्यावरून ते पकडता येतं.

आता एक काम करा, वही काढा आणि त्या १५ रिकाम्या गाईंमधल्या पहिलं वासरू अंगावर असलेल्या किती होत्या ते बघा. बहुतेक त्याच असतील तर गोष्ट खाण्याची आहे, सगळ्या वयाच्या असतील तर आधी वळू आणि मग रक्ततपासणी. आकडा इथे खाली लिहा, पुढचं त्यावरून बघू.