क्रेडिट जमा झालं का, ते आधी बघा

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. पहिलं वर्ष संपलं. ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून रसवंती मला एकटीला झेपत नाही, म्हणून ती वर्षभर घरी थांबते म्हणते. 'आता क्रेडिट बँकेत राहतात, वर्ष वाया जात नाही, शिवाय सर्टिफिकेट मिळतं,' असं तिचं म्हणणं. गणिताचा एक पेपर राहिलाय. काय करावं? (एक आई, जि. सोलापूर)

उत्तर : ताई, तिचं म्हणणं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं त्या गणिताच्या पेपरात अडकलंय.

तालुक्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी 31 वर्षं काढली. शेवटची दोन-तीन वर्षं खिडकीवर हाच प्रश्न. जीआरमध्ये 'श्रेयांक' लिहिलेलं असतं, पण तो शब्द खिडकीवर कुणाच्या तोंडून मी ऐकला नाही. सगळे क्रेडिटच म्हणतात. वर्गात 15 तास शिकवलं की एक थिअरीचं क्रेडिट, प्रॅक्टिकलला 30 तासांचं एक. एका सेमिस्टरला 20 ते 22, म्हणजे वर्षाला 40 ते 44. पण ते विषय पास झाल्यावरच मिळतं. एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात बसायची मुभा, तेवढंच. नापास विषयाचं अर्धं-पाव क्रेडिट कुणी देत नाही. तेव्हा गणित सुटेपर्यंत तिचं पहिलं वर्ष पुरं झालेलं नाही, आणि सर्टिफिकेटही नाही.

गणित सुटलं तरी आणखी एक गोष्ट आहे, जी ॲडमिशनच्या वेळी सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून सर्टिफिकेट हवं असेल, तर वर्षाच्या क्रेडिटांवर आणखी 4 क्रेडिटांचा व्यवसायाचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. दोन वर्षांनंतरच्या डिप्लोमालाही तसंच. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि डिग्री एकूण सात वर्षांत पुरी करायची, असा नियम आहे.

आता ती 'बँक'. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे मिळवलेली क्रेडिटं साठवायचं ऑनलाइन खातं. त्याचे नियम 2021 साली आले. मुलांचा 12 आकडी आयडी असतो, तो डिजिलॉकरमध्ये दिसतो. पण खात्यात क्रेडिट भरायचं काम विद्यापीठाचं. ना मुलांचं, ना माझ्यासारख्या क्लार्कचं. एक मुलगी मोबाईल घेऊन खिडकीशी आली होती. दोन सेमिस्टर पास, मार्कलिस्ट हातात, आणि खात्यात काहीच नाही. शोधता शोधता कळलं की आधारवर तिच्या 'पूजा'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये यू होता आणि दहावीच्या मार्कलिस्टवर दोन ओ. एवढ्याशा अक्षरापायी अडीच महिने हेलपाटे! आधी आधार दुरुस्त, मग आयडी, मग विद्यापीठाला पत्र, मग 'पत्र मिळालंच नाही' म्हणून दुसरं पत्र. तेव्हा आज रात्री जेवणं झाली की लेकीला डिजिलॉकर उघडायला सांगा आणि दोन्ही सेमिस्टरची क्रेडिटं दिसतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नाव, जन्मतारीख, दोन्ही ताडून घ्या.

माझं मत विचाराल तर वर्षभर घरी बसवू नका. रसवंतीची खरी झुंबड शिवरात्रीपासून मृगापर्यंत. तिसरं सेमिस्टर जून-जुलैला सुरू होऊन दिवाळीच्या आसपास संपतं, तेव्हा रसवंती तशीही थंड असते. ते सेमिस्टर तिला करू द्या. राहिलेल्या गणिताचा फॉर्म कधी भरता येतो ते परीक्षा विभागात विचारून ठेवा, म्हणजे तोही विषय निकाली निघेल. खंड पडायचाच असेल तर चौथ्या सेमिस्टरला पडू दे. तिसऱ्याची क्रेडिटं खात्यात राहतील.

आणि काही झालं तरी टीसी काढू नका. 'नाव राहू दे, एवढ्या काळासाठी खंड घेत आहे' असा अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. साहेब तोंडी 'हो हो' म्हणाले, असं सांगत पुढच्या जूनला येणारे पालक मी खूप पाहिलेत. तोवर साहेबांची बदली झालेली असते.

प्रश्न : मी बी.ए.ला आहे. ओपन इलेक्टिव्ह म्हणून मला कॉम्प्युटरचा विषय हवा होता. कॉलेजने सगळ्यांना एकच विषय दिला, म्हणे 'हाच आहे'. मग निवड कसली? (एक विद्यार्थी, जि. नंदुरबार)

उत्तर : तुझा राग बरोबर आहे. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला असावा, हा नियम. पण लहान कॉलेजात दुसऱ्या शाखेचे शिक्षक असतात किती? मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, एवढ्या खणांचं टाइमटेबल बसवताना आमच्या सरांनी एकदा भिंतीवर जुन्या कॅलेंडरची पाठ लावली होती आणि पेन्सिलीने रेघा मारून रबराने ती फाटेस्तोवर खोडलं होतं. त्यातले निम्मे तास सीएचबीवाल्यांचे, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकांचे. त्यांची ऑर्डर निघेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. तेव्हा 'हाच आहे' हे बहुतेक वेळा खरंच असतं.

तरी एक वाट आहे. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स शिकायला फुकट असतात, फी फक्त परीक्षेची, आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. 2021 च्या यूजीसी नियमांप्रमाणे सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स असे ऑनलाइन घेता येतात. पण आधी लेखी मंजुरी, मग नोंदणी, हा क्रम उलटा करू नकोस. कोर्सची क्रेडिटं तुझ्या विषयाच्या क्रेडिटांशी जुळतात का, हे विभागप्रमुखांकडून सहीनिशी घे. तुझ्यासारखे चार-पाच जण एकत्र गेलात तर अर्ज बाजूला पडत नाही, हा माझा अनुभव.

प्रश्न : मुलगा बी.कॉम. तिसऱ्या वर्षाला आहे. चौथं वर्ष करावं का? (एक वडील, जि. रत्नागिरी)

उत्तर : आधी त्याच कॉलेजात चौथं वर्ष आहे का ते बघा. लहान कॉलेजांत ते असेलच असं नाही. चौथं केलं तर पुढे एम.कॉम. एका वर्षाचं, तिसऱ्यानंतर थांबला तर दोन वर्षांचं, म्हणजे वर्षं तेवढीच. चौथ्या वर्षात रिसर्चसह ऑनर्स, म्हणजे संशोधनाची डिग्री, करायची तर सहा सेमिस्टरला मिळून 75 टक्के लागतात. तेवढे नसतील आणि शहरातली खोली परवडत नसेल, तर तीन वर्षांची डिग्री घेऊन त्याला नोकरीच्या परीक्षांना बसू द्या. फक्त शेवटची मार्कलिस्ट घ्यायला त्याला स्वतःला पाठवा; चुलत्याला पाठवलं की स्पेलिंग कुणी वाचत नाही.