फ्रीझर जास्त थंड होतो, म्हणून ठेव मोडावी का?

रत्नागिरीच्या एका भगिनींनी विचारले आहे: आमरस आणि मासळी साठवण्यासाठी घेतलेला त्यांचा सात वर्षांचा डीप फ्रीझर उणे १८ ऐवजी उणे २७ अंशांपर्यंत जातो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. मेकॅनिकने दुरुस्तीचे १,४०० रुपये सांगितले आहेत. त्यापेक्षा मुदत ठेव मोडून २७,००० रुपयांचा नवाच घ्यावा का?

ताई, ठेव मोडू नका. फ्रीझर गरजेपेक्षा जास्त थंड होतो, याचाच अर्थ त्यातला महागडा भाग, म्हणजे कॉम्प्रेसर आणि गॅस, आज तरी नीट काम करत आहे. बिघाड बहुधा त्याला 'आता थांब' असे सांगणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये आहे, आणि तो भाग तुलनेने स्वस्त असतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी जलद गोठवण्याचे बटण चुकून चालू राहिले नाही ना, हे पाहा, कारण ते चालू असेल तर कित्येक यंत्रांत कॉम्प्रेसर अखंड चालतो. नंतर थर्मोस्टॅटची खुंटी शून्यावर आणा; तरीही कॉम्प्रेसर बंद झाला नाही, तर थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले असण्याची शक्यता मोठी आहे. तो बंद झाला, तर तापमान ओळखणारी नळी जागेवरून सुटली आहे का, ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

आता हिशेब. आपण कळवल्याप्रमाणे यंत्र १२० वॅटचे आहे. ते चोवीस तास चालले तर महिन्याला सुमारे ८६ युनिटे जातात, आणि निरोगी यंत्र निम्मा वेळ चालते असे धरले तर ४३. प्रतियुनिट १२ रुपये दराने हा फरक महिन्याला ५१६ रुपयांचा होतो, म्हणजे दुरुस्तीचा खर्च तीन महिन्यांच्या आत निघतो. उलट, नवा फ्रीझर दुरुस्त केलेल्या जुन्यापेक्षा महिन्याला १५ युनिटे कमी खाईल असे सढळपणे मानले, तरी वाचतात १८० रुपये. त्यातून २७,००० वसूल व्हायला साडेबारा वर्षे लागतील, शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडल्याने व्याज घटेल ते वेगळेच. विनाव्याज हप्त्यांचा मोहही नको, कारण त्यात प्रक्रिया शुल्क असू शकते आणि रोखीवरची सूट हुकू शकते.

दुरुस्ती मात्र लांबवू नका, कारण अखंड चालण्याने आज धडधाकट असलेला कॉम्प्रेसर झिजतो, आणि तो गेला तर हा सगळा हिशेब बदलतो. मेकॅनिकने कॉम्प्रेसर बदलायला सांगितले, तर होकार देण्याआधी दुसऱ्याकडून तपासून घ्या आणि दोन्ही अंदाज मला कळवा.