वाचक विचारतात : ईमेलचा शोध नक्की कोणाचा?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते, ठाण्यात मास मीडियाच्या सेकंड इयरला आहे. ‘मल्टिमीडिया आणि इंटरनेटच्या इतिहासातल्या दहा महत्त्वाच्या व्यक्ती’ असा प्रोजेक्ट मिळालाय. आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येतो की ईमेलचा शोध मुंबईत जन्मलेल्या चौदा वर्षांच्या मुलाने १९७८ मध्ये लावला आणि अमेरिकन सरकारने ते मान्यही केलं. नेटवर मात्र दुसरंच नाव येतं. कोणाचं लिहू? आणि बाकीची नावं कुठे शोधू, सगळीकडे तेच ते दहा लोक आहेत.

उत्तर : अगं, हा फॉरवर्ड सगळाच्या सगळा खोटा नाही, म्हणून तर इतकी वर्षं चालतोय. शिवा अय्यादुराई जन्मले मुंबईत, शाळकरी वयात त्यांनी न्यू जर्सीतल्या एका मेडिकल कॉलेजसाठी ऑफिसच्या टपालाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला ‘ईमेल’ हे नाव दिलं, इथपर्यंत खरं आहे आणि कौतुकाचंही आहे. पण १९८२ मध्ये त्यांना मिळाला तो त्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट. कॉपीराइट म्हणजे पेटंट नव्हे, तो लिहिलेल्या कोडवर असतो, कल्पनेवर नाही. तू ‘कांदेपोहे’ नावाची कविता रजिस्टर केलीस म्हणून पोह्यांचा शोध तुझा ठरत नाही ना, तसंच. नेटवर्कमधून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मेल पाठवणं आणि पत्त्यात ते ॲटचं चिन्ह टाकणं हे रे टॉमलिन्सनने १९७१ मध्येच केलं होतं.

पण हे माझ्या शब्दावर लिहू नकोस, कागद बघ. इंटरनेटच्या आधीचं अमेरिकन नेटवर्क, आर्पानेट, उभं करणारी मंडळी आपल्या सूचना नंबर टाकलेल्या नोट्समध्ये मांडायची, त्यांना आरएफसी म्हणतात, त्यातली पहिली नोट एप्रिल १९६९ मधली, स्टीव्ह क्रॉकरने लिहिलेली. आजही त्या ऑनलाइन फुकट वाचता येतात, वर नाव असतं, तारीख असते, आणि एकदा प्रसिद्ध झाली की त्यात खाडाखोड नाही, सुधारायचं असेल तर नवा नंबर घ्यायचा. इतिहास शोधणाऱ्याला आणखी काय पाहिजे! त्यातली ५६१ नंबरची काढ, १९७३ सालची. मेलच्या डोक्यावर फ्रॉम, डेट, सब्जेक्ट कसं लिहायचं ते तिथे मांडलंय. चार जणांची नावं आहेत, टॉमलिन्सन आहेच, पण पहिलं नाव वाच. भूषण. हे अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तेव्हा एमआयटीत होते. फाइल ट्रान्सफरच्या एफटीपीची मूळ नोट, नंबर ११४, तीही त्यांचीच, तारीख १६ एप्रिल १९७१ (बोरीबंदर-ठाणे गाडीचाच दिवस, लक्षात ठेवायला सोपा). म्हणजे ईमेलच्या इतिहासात आपलं माणूस होतंच, फक्त त्याचा फॉरवर्ड कोणी बनवला नाही.

मल्टिमीडियात याहून मोठं नाव माझ्या मते नासिर अहमद यांचं. जन्म बंगलोरचा, काम अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत. जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवर पेपर छापला, जेमतेम चार पानांचा. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे, त्यातला हळूहळू बदलणारा भाग जपायचा आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा बारीक तपशील कमी करायचा की फाइल एकदम लहान होते, फोटोंचं जेपेग त्यावरच उभं आहे, एमपेगचे व्हिडिओसुद्धा. त्याआधी त्यांनी या कल्पनेसाठी सरकारी संशोधन निधी मागितला तर ‘फारच साधी कल्पना आहे’ म्हणून नकार आला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. रोज सकाळी ग्रुपवर येणारी गुड मॉर्निंगची फुलं याच गणितातून जातात, तरी यांचं नाव यादीत नसतं, याचा मला खरंच राग येतो.

वेबचा जनक टिम बर्नर्स-लीला वगळू नकोस, फक्त त्याचा १९८९ चा प्रस्ताव सांगून थांबू नकोस, ३० एप्रिल १९९३ ला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेब सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं ती तारीख माझ्या दृष्टीने जास्त वजनाची. आणि ‘भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं’ असं सरळ लिहिशील तर मार्क जातील, त्या दिवशी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने ते सर्वसामान्य ग्राहकांना द्यायला सुरुवात केली. आयआयट्या आणि जुहूची एनसीएसटी (सॉफ्टवेअर संशोधनाची सरकारी संस्था) यांना जोडणारं अर्नेट हे नेटवर्क १९८६ पासूनचं. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमाणी यांना तुझ्या दहात घे, ती संस्था पुढे सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेत गेली आणि सी-डॅकचं ऑफिस तुझ्यापासून जवळच, खारघरला आहे.

प्रश्न : नौपाड्यातून लिहितोय. रिटायर झाल्यावर जुन्या मराठी वेबसाइट्स शोधायचा नाद लागलाय. वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) २००० च्या आसपासची पानं उघडतात पण मजकुराऐवजी नुसती एबीसीडी आणि कंसांची गर्दी दिसते. कॉम्प्युटर बिघडलाय का?

उत्तर : नाही काका, कॉम्प्युटर ठणठणीत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संगणकी संकेतांत, देवनागरी १९९१ पासून होती पण घरच्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला विंडोज २००० च्या पुढचा काळ उजाडला, तोपर्यंत जो तो आपापला फॉन्ट वापरायचा, श्रीलिपी म्हणा, आकृती म्हणा, शिवाजी म्हणा. आतमध्ये इंग्रजी अक्षरंच असायची, वर फॉन्टने देवनागरीचा मुखवटा चढवलेला. फॉन्ट नाही की मुखवटा गळाला. म्हणूनच सर्चमध्ये मराठीत टाइप केलं तर ही पानं सापडत नाहीत. पानावर राइट क्लिक करून सोर्स उघडा, त्यात फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं, मग त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर शोधून मजकूर त्यात टाका, काही जोडाक्षरं फुटतील ती हाताने नीट करावी लागतात.

वेबॅकच्या पत्त्यातला लांबलचक आकडा म्हणजे त्या पानाची प्रत कधी घेतली ते वर्ष, महिना, दिवस, वेळ. लेख त्याच दिवशी आला असं नाही, आधीचाही असू शकतो. आणि हे आर्काइव्हच १९९६ चं, त्यामुळे त्यापूर्वीचं तिथे फारसं मिळायचं नाही. तेव्हाच्या इंटरनेटबद्दल काय काय छापून यायचं आणि जाहिराती कसल्या असायच्या ते बघायला आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात (१८९३ चं आहे!) जुने अंक मिळतात का विचारा.

प्रश्न : नेरूळच्या घरात जुन्या मल्टिमीडिया सीड्यांचा डबा आहे, एनसायक्लोपीडिया, मुलांचे गेम्स. आताच्या लॅपटॉपवर चालत नाहीत. भंगारात देऊ का?

उत्तर : नका देऊ. आधी घरी राइट केलेल्या सीड्या घ्या, त्या छापील सीड्यांपेक्षा लवकर जातात. बाहेरचा ड्राइव्ह लावून प्रत्येकीची आयएसओ इमेज (अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) करून ठेवा, नुसत्या फाइल्स कॉपी केल्या तर गेम बऱ्याचदा पुढे चालत नाही. ॲनिमेशन आणि गेम्स चालवणारं फ्लॅश ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं तरी फ्लॅशच्या पुष्कळ फाइल्स रफल नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडतात. कव्हर आणि आतलं पुस्तक टाकू नका, वर्ष आणि बनवणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा तिथेच असतात. शक्यतो पावसाळ्याआधी उरका, आपल्याकडच्या दमट हवेत सीडीवर बुरशी चढते.