दार उघडायचे पैसे आधी भरा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही नजीकच्या भविष्यातल्या काळ्या विनोदी विज्ञानकथांबद्दल प्रश्न मागवले होते, म्हणजे अशा कथा ज्यात काळ आजच्यापेक्षा दहा-वीस वर्षंच पुढचा असतो, यंत्रं जरा जास्तच शहाणी झालेली असतात, माणसांची पार वाट लागलेली असते आणि तरी वाचताना हसू येतं. प्रश्न ढीगभर आले आणि जागा नेहमीएवढीच, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि दोघातिघांची आपसातली भांडणं सरळ बाजूला ठेवलीत.

प्रश्न: ताई, या कथांमध्ये व्हिलन का नसतो? शेवटपर्यंत शिव्या कोणाला घालायच्या तेच कळत नाही, मग मजा कशी येणार?

उत्तर: शिव्या घालायला कोणी सापडत नाही, तिथेच तर फास आहे. टेरी गिलियमचा १९८५ चा 'ब्राझील' बघितलाय का? त्यात ऑफिसातला एक मेलेला किडा प्रिंटरमध्ये पडतो, टटल या नावाचं बटल होतं आणि भलत्याच माणसाला घरातून उचलून नेतात. नेणारे लोक त्याच्या बायकोला नवरा नेल्याची रीतसर पावती देतात आणि ती पावती मिळाली याचीही पावती तिच्याकडून घेतात. त्या जगात चौकशीचा खर्च ज्याची चौकशी होते त्याच्याच खात्यातून कापतात, आणि तो इथे चुकून भलत्याच्या खात्यातून गेलाय, म्हणून पुढे हिरो स्वतः रिफंडचा चेक घेऊन त्या बाईच्या घरी जातो. नवरा मेलाय, हा चेक घेऊन आलाय आणि आपण तिचं भलंच करतोय असं याला मनापासून वाटतंय!

आता या सीनमध्ये कोणी मिशा पिळत हसणारा साहेब घातला असता तर आपण त्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो. तसं होत नाही, कारण प्रत्येकाने आपापलं काम नीट केलंय, फॉर्म बरोबर भरलाय, सही घेतलीये. हसू येतं ते नियम मोडल्यामुळे नाही, नियम तंतोतंत पाळल्यामुळे येतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकाराचा कणा तोच आहे, बाकी रोबो बिबो नंतर.

प्रश्न: बोलणारं दार, बोलणारा फ्रिज, टोमणे मारणारा टोस्टर... किती दिवस तेच ते? आणि दुसरीकडे पिसाळलेला रोबो. या दोन्हीचा कंटाळा आलाय.

उत्तर: मलाही आलाय, पण दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी फसतात.

बोलणारं दार चांगलं कसं लिहावं यासाठी फिलिप के. डिकची 'यूबिक' वाचा, १९६९ ची आहे. त्यात जो चिप नावाच्या कफल्लक माणसाला स्वतःच्याच घराचं दार आतून उघडायला दाराला पाच सेंट द्यावे लागतात. खिशात नाणं नाही. तो म्हणतो उद्या देतो, दार ऐकत नाही. तो म्हणतो मी देतो ती खुशी आहे, तर दार म्हणतं, घर घेताना केलेला करार काढून बघा. हा काढतो, आणि दाराचं बरोबर निघतं! मग तो चाकूने बोल्टाचे स्क्रू काढायला लागतो आणि दार केस करायची धमकी देतं. लक्षात घ्या की दार टोमणा मारत नाहीये, दाराची बाजू कायद्याने खरी आहे. तुम्हाला ज्यांचा कंटाळा आलाय त्या कथांमधली उपकरणं नुसती आगाऊ असतात, पाहुण्यांच्या लाडावलेल्या पोरासारखी, त्यांच्यामागे कुठलाच करार नसतो, म्हणून दुसऱ्या पानावर हसू संपतं.

पिसाळलेल्या रोबोचं उलटं आहे. यंत्र बिघडलं म्हटलं की प्रश्नच मिटला, दुरुस्त करा नाहीतर तोडून टाका. तरी यातही एक जण जमवून गेलाय. १९८७ च्या 'रोबोकॉप'मध्ये बोर्डाच्या मीटिंगमध्ये नव्या यंत्राचा डेमो चालू असतो, कंपनीचाच एक माणूस सांगितल्याप्रमाणे बंदूक खाली टाकतो तरी यंत्र त्याच्या चिंध्या करतं, आणि मग बोलणं सुरू होतं ते प्रोजेक्ट लांबल्यामुळे किती व्याज अंगावर येईल यावर. यंत्र बिघडलंय खरं, पण तो सीन लक्षात राहतो तो टेबलाभोवतीच्या शाबूत लोकांमुळे.

प्रश्न: मी एक कथा लिहिलीये. हिरोच्या हृदयात एक यंत्र बसवलेलं असतं, त्याचं फुकट व्हर्जन असतं ज्यात जाहिराती ऐकाव्या लागतात. शेवटी पैसे भरले नाहीत म्हणून कंपनीचा मालक हसत हसत यंत्र बंद करतो. सगळे म्हणतात आयडिया छान आहे पण कथा जमली नाही. काय चुकलं?

उत्तर: आयडिया खरंच छान आहे, चुका मात्र मोठ्या आहेत. मालकाला मी का काढून टाकणार हे पहिल्या उत्तरात आलंच. त्याहून मोठा घोळ म्हणजे तुमच्या कंपनीला तिचा धंदा कळत नाही. मेलेला माणूस जाहिराती ऐकत नाही ना! फुकटवाल्या गिऱ्हाईकाला मारणं म्हणजे स्वतःच्याच जाहिरातदाराचं नुकसान. तेव्हा ही कंपनी त्याला मरू देणारच नाही, जीव गेला तरी मरू देणार नाही, आणि खरी भीती तिथून सुरू होते.

आता पुढे विचार करा. यंत्राला त्याचे ठोके कळतात. ठोके वाढले की माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस विमा घेतो, औषधं घेतो, नवस बोलतो, काय वाटेल ते घेतो. म्हणजे वाढलेल्या ठोक्यांच्या वेळची जाहिरात महाग विकली जाणार. मग हळूहळू कंपनीच्या असं लक्षात येईल (एका माणसाच्या नाही हं, कुठल्यातरी तक्त्याच्या लक्षात येईल) की हा माणूस ठणठणीत असण्यापेक्षा कायम थोडासा धास्तावलेला असणं फायद्याचं आहे. कोणी तसं ठरवलं नाही, कोणी तसा मेल टाकला नाही, फक्त दर आठवड्याच्या अपडेटमध्ये यंत्र जरा उशिरा शांत व्हायला लागलं.

आणि त्याची तक्रार ऐकायला एक मुलगी ठेवा. हेल्पलाइनवरची. ती मनापासून हळहळली पाहिजे, तिच्याकडे उत्तर नसलं पाहिजे, आणि बोलता बोलता मध्येच ती दोन सेकंद गप्प झाली पाहिजे कारण तिच्याही छातीत जाहिरात वाजतेय. हे सांगू नका, नुसतं गप्प करा तिला. हिरोला विचारू दे, हॅलो, आहात का? वाचक आपोआप जोडून घेतो. तुम्ही समजावून सांगितलंत की मेलं.

अजून एक, त्याची बायको कुठंय? तुमच्या कथेत ती पहिल्या परिच्छेदात रडते आणि गायब होते. तिला व्यवहारी करा. तिने शोधून काढू दे की झोपेत जाहिरात लागत नाही, म्हणून ती त्याला झोपवत राहते, दुपारी झोप, संध्याकाळी झोप, पाहुणे आले तरी तू जरा पडून घे. प्रेमानेच करतेय हो. सहा महिन्यांनी त्याच्या आयुष्यात काय उरलं असेल ते बघा, आणि यात कोणाचाच हेतू वाईट नाही. शेवट मी सांगत नाही, पण यंत्र बंद पडून तो नसावा.

प्रश्न: लेखक कितीही वेडंवाकडं लिहू दे, खरं जग त्याच्या पुढे जातं. मग असलं लिहायचं कशाला?

उत्तर: हा प्रश्न सात-आठ जणांनी विचारलाय आणि उदाहरणंही चोख दिलीत. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, पैसे परत दिले, सगळं रीतसर, आणि त्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं! कथेत लिहिलं असतं तर संपादकाने जरा अतीच होतंय म्हणून कापलं असतं. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत आधीच बसवलेली सीट गरम करायची सोय महिन्याच्या वर्गणीवर द्यायला घेतली, पुढच्या वर्षी गुंडाळली. आणि सगळ्यात अंगावर येणारं म्हणजे सेकंड साइट कंपनीचं आर्गस २. दृष्टी गेलेल्या लोकांच्या डोळ्यात बसवायचं यंत्र, साडेतीनशेच्या वर लोकांनी बसवून घेतलं, २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, पुढे कंपनीच डबघाईला आली, आणि डोळ्यात जुनं मॉडेल घेऊन माणसं बसली, बिघडलं तर दुरुस्तीला जायचं कुठे?

तर यंत्रांच्या शर्यतीत लेखक हरणारच, त्याने ती धावूच नये. बातमी तुम्हाला काय झालं ते सांगते. त्यानंतर माणूस त्याच्याशी कसा जुळवून घेतो, तिसऱ्या महिन्यात तो स्वतःच दुसऱ्याला 'अहो सवय होते' असं कसं सांगायला लागतो, हे बातमीत येत नाही. ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' १९०९ ची आहे, तेव्हा टीव्ही नव्हता की काही नव्हतं. त्यात सगळी माणसं जमिनीखाली एकेका खोलीत राहतात आणि सगळं यंत्र पुरवतं. मग यंत्र बिघडायला लागतं, संगीतात मध्येच विव्हळल्यासारखे आवाज येतात. लोक तक्रार करतात, कमिटी म्हणते बघतो, आणि काही दिवसांनी त्यांच्या कानाला तो विव्हळही त्या गाण्याचाच भाग वाटायला लागतो. शंभराहून जास्त वर्षं झाली आणि ती एक गोष्ट अजून शिळी झालेली नाही, कारण ती यंत्राबद्दल नाहीच.

प्रश्न: जग बुडतंय, माणसं मरतायत आणि आपण हसायचं? मला हे पटत नाही, थोडं घाणेरडं वाटतं.

उत्तर: वाटू दे, वाटायलाच पाहिजे. न वाटणारा वाचक मला जास्त धोक्याचा वाटतो. पण एक ऐका. स्टॅनली कुब्रिकने अणुयुद्धावरचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) आधी गंभीर सिनेमा म्हणूनच करायला घेतला होता, ज्या कादंबरीवरून घेतला तीही गंभीरच. लिहिताना त्याच्या लक्षात आलं की खऱ्यासारखे प्रसंग लिहावेत तर तेच हास्यास्पद होतायत, ते कापावेत तर खरेपणा जातोय, म्हणून त्याने कॉमेडीच केली. त्यात एका बाजूने असं यंत्र बनवलेलं असतं की आपल्यावर अणुहल्ला झाला तर ते आपोआप सगळं जग संपवणार, कोणाला थांबवता येणार नाही. धाक बसावा म्हणून बनवलेलं. फक्त ते जाहीर करायचं राहून गेलेलं असतं, कारण नेत्याला ते सोमवारी पक्षाच्या अधिवेशनात सांगून सगळ्यांना चकित करायचं असतं! आणि दुसरीकडे हल्ला थांबवायचा कोड ज्या अधिकाऱ्याला सापडलाय त्याच्याकडे राष्ट्राध्यक्षांना फोन लावायला सुट्टे पैसे नाहीत, म्हणून तो सैनिकाला कोल्ड्रिंकचं मशीन फोडायला सांगतो, तर सैनिक म्हणतो ती खाजगी मालमत्ता आहे.

यात मरणाऱ्यांना कोणी हसत नाहीये. हसू आहे ते एवढी मोठी गोष्ट एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर टांगलीये याचं, आणि ते टांगणारे लोक चांगले शिकलेले, गणवेशातले, जबाबदार वगैरे आहेत याचं. मरणाऱ्याच्या तडफडीवर जोक केलेल्या कथाही आहेत, त्या मलाही घाणच वाटतात, तिथे तुमच्या बाजूने.

प्रश्न: भविष्यात सगळे लोक मठ्ठ झालेत आणि एकटा हिरो हुशार, हा फॉर्म्युला कसा वाटतो?

उत्तर: आळशी वाटतो. वाचक स्वतःला त्या हुशार एकट्यात धरतो आणि खूश होऊन झोपतो, म्हणजे चिमटा कोणालाच बसला नाही. त्यापेक्षा हुशार लोकांनी हुशारीने केलेला गोंधळ बघा. फ्रेडरिक पोलच्या १९५४ च्या 'द मायडास प्लेग'मध्ये रोबो इतकं उत्पादन करतात की ते संपवणं हेच लोकांचं कर्तव्य होऊन बसतं, गरिबांना मोठमोठी घरं आणि खाण्यापिण्याचा ठरलेला कोटा संपवायची सक्ती, आणि श्रीमंत तो ज्याला साधं राहायची परवानगी आहे. शेवटी एक वैतागलेला माणूस वस्तू वापरून झिजवायला रोबोंनाच बसवतो. प्रत्येक पायरीला तर्क बरोबर आहे!

प्रश्न: शेवटी कळतं की हे सगळं सिम्युलेशन होतं. चालेल?

उत्तर: नाही.

प्रश्न: कथेत साल नक्की किती पुढचं घालावं? २०३५ की २०५०?

उत्तर: शक्यतो घालूच नका. 'यूबिक' १९९२ सालात घडते, त्यात माणसं चंद्रावर ये-जा करतात आणि विचार वाचणारे लोक नोकरीला ठेवतात. १९९२ येऊन गेलं, तसलं काही झालं नाही, दाराचा सीन मात्र अजून खराच वाटतो. साल टाळून काळ दाखवायचा असेल तर काय जुनं झालंय ते दाखवा, म्हणजे आज जे नवं कोरं आहे ते तुमच्या पात्राच्या माळ्यावर धूळ खात पडलेलं, आणि त्याची वर्गणी अजून दर महिन्याला कापली जातेय, कारण बंद करायचं पान उघडायला जो पासवर्ड लागतो तो त्याच वस्तूवर येतो.