‘इतर’ नावाचा रकाना

“मी सोडून आले, म्हणजे मी स्वार्थी ठरले का?” मोठ्या ध्येयाला वाहून घेतलेल्या गटांतून बाहेर पडलेली माणसे समुपदेशनाला येतात, तेव्हा हा प्रश्न या ना त्या शब्दांत हमखास निघतो. ज्यांच्याविषयी येथे लिहीत आहे, त्यांनी तो पहिल्या दहा मिनिटांतच विचारला. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत.

त्या सहा वर्षे ज्या गटात होत्या, त्याचे ध्येय अक्षरशः जग वाचवण्याचे होते. महासाथी, हवामानबदल, अणुयुद्ध अशा संकटांपासून पुढच्या पिढ्यांना वाचवण्यासाठी माणसाने आपला वेळ आणि पैसा नेमका कोठे लावावा, याचा तेथे काटेकोर हिशेब होत असे. गटातील माणसे बुद्धिमान, प्रामाणिक आणि प्रेमळ होती, असे त्यांनी पुन्हापुन्हा सांगितले, आणि त्यावर शंका घेण्याचे मला काही कारण दिसले नाही. त्यांना कोणी फसवले नव्हते की अडवून ठेवले नव्हते. त्यांची अडचणही हीच होती, कारण छळ झाला असता तर बाहेर पडण्याचे कारण निदान चारचौघांत सांगता तरी आले असते.

गटात प्रत्येक जण आपल्या तासांचा तक्ता ठेवत असे. सक्ती नव्हती, पण सगळेच ठेवत. त्यांची आई आजारी पडली, तेव्हा त्या अकरा दिवस तिच्या उशाशी होत्या. परतल्यावर त्यांनी ते सगळे तास ‘इतर’ या रकान्यात भरले आणि त्या दोन आठवड्यांची बेरीज पाहून त्यांना शरम वाटली. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, हसल्या.

या हिशेबामागचा विचार फेटाळून लावण्यासारखा नाही. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1972 मध्ये मांडलेले उदाहरण पुष्कळांना ठाऊक असेल: उथळ तळ्यात मूल बुडताना दिसले, तर कपडे चिखलाने खराब होतील म्हणून आपण काठावर थांबत नाही, मग दूर देशी मरणारे मूल केवळ दूर आहे म्हणून आपली जबाबदारी कमी कशी होते? मला स्वतःला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजवर सापडलेले नाही. मात्र तळ्यात एकच मूल असते तेव्हा त्याला बाहेर काढून माणूस घरी जातो. मुले संपतच नसतील, तर घरी केव्हा जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि या बाईंना ते सहा वर्षांत एकदाही ठरवता आले नव्हते.

येथे माझी चूक झाली. मी हे प्रकरण ‘बर्नआउट’चे, म्हणजे कामाच्या अतिताणाने पार थकून जाण्याचे, मानले. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये या अवस्थेविषयी लिहिले, ते मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्यांना पाहून आणि स्वतःही तो शीण अनुभवून. त्यामुळे ध्येयासाठी झिजणारे कोणी समोर आले की आम्हा समुपदेशकांच्या तोंडी हा शब्द आधी येतो. मी महिनाभराच्या विश्रांतीचा सल्ला दिला. त्या ताज्यातवान्या होऊन आल्या, झोप सुधारली होती, आणि परत जाण्याची इच्छा पूर्वीपेक्षाही कमी झाली होती.

थकवा उतरला तरी नकार उतरला नव्हता, म्हणून मी मागे जाऊन पुन्हा विचारले. तेव्हा कळले की दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत त्यांनी एक शंका काढली होती: शंभर वर्षांनंतरच्या जगाविषयीचे अंदाज इतके ठिसूळ असताना, त्यांच्या भरवशावर आज समोर दिसणारी कामे बाजूला ठेवणे कितपत योग्य आहे? कोणी रागावले नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने खांद्यावर हात ठेवून म्हटले, “तू दमली आहेस, थोडी सुट्टी घे.” म्हणजे त्यांच्या मतभेदाला गटाने थकवा म्हटले होते, आणि दोन वर्षांनी मीही नेमके तेच केले होते. मी तसे कबूल केले. आमचे खरे काम त्या दिवशी सुरू झाले.

समाजशास्त्रज्ञ हेलन रोज ईबॉ या स्वतः एकेकाळी कॅथलिक नन होत्या. जुनी भूमिका सोडून आलेल्या 185 जणांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. सोडण्याची सुरुवात पहिल्या शंकेने होते आणि भोवतालची माणसे त्या शंकेला कसा प्रतिसाद देतात यावर पुढचे बरेच अवलंबून असते, असे त्यांना आढळले. बाहेर पडल्यावरही माणूस बराच काळ ‘पूर्वीचा अमुक’ म्हणूनच जगतो. या बाईंच्या बाबतीत तर मैत्रिणी, राहते घर, सुट्टीचे बेत, सगळे त्या एकाच वर्तुळातले होते. त्यामुळे एक मत बदलले आणि रोज रात्री बोलायला कोणी उरले नाही.

स्वार्थी माणसाला असा प्रश्न पडतच नाही, असे सांगून मी त्यांना पहिल्याच दिवशी मोकळे करू शकले असते. पण ते खरे नाही. स्वार्थी माणसांनाही तो पडतो. त्याऐवजी मी त्यांना दोन कागद दिले आणि एकावर अजून काय पटते, दुसऱ्यावर काय पटेनासे झाले, एवढेच लिहून आणायला सांगितले. पहिला कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. दुसऱ्यावर तीन वाक्ये होती, आणि तिसरे असे होते: “माझ्या प्रत्येक तासाचे उत्तर मी कोणालातरी देणे लागते, हे मला आता पटत नाही.” उत्पन्नातला ठरावीक वाटा रोगप्रतिबंधक कामासाठी देणे त्यांनी थांबवले नव्हते, हेही मला त्या कागदामुळेच कळले.

त्या ज्येष्ठ सहकाऱ्याला त्यांनी अजून पत्र लिहिलेले नाही. घाई करावी असे मलाही वाटत नाही.

मध्यंतरी त्यांची आई पुन्हा आजारी पडली आणि त्या तिच्याकडे जाऊन राहिल्या. परत आल्यावर मी सहज विचारले, या वेळी किती दिवस होतात? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकल्या, पुन्हा मोजले, आणि आकडा काही जमेना.