श्वास पुरत नाही, पण ऑक्सिमीटर ९८ दाखवतो

"मॅडम, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, छाती धडधडते. ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवते. काहून असं होते?"

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नागपुरातल्या कॉलेजच्या मुलामुलींचा हा नेहमीचा प्रश्न. अशा अनेकांचे अनुभव एकत्र करून इथे एक विद्यार्थिनी उभी केली आहे. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, मानेवाड्याकडे दोन खोल्यांचं घर, पलीकडच्या खोलीत सत्तरी ओलांडलेली आजी आणि परीक्षा ऑनलाइन.

तिच्या कंपासपेटीत ऑक्सिमीटर असायचा, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा. रफ वहीच्या मागच्या पानांवर वेळ आणि आकडा, अशा ओळीच ओळी. एका दिवसाच्या मोजल्या तर २६. रात्री सव्वातीनचा ९३ लाल पेनाने गोल केलेला. त्या रात्री अख्खं घर उठून बसलं होतं. कारण साधं होतं. कूलर थेट अंगावर होता आणि बोटं गार पडली होती. गार बोटात रक्त कमी फिरतं, यंत्राला नाडी नीट सापडत नाही आणि आकडा खाली येतो. नेलपॉलिशनेही हा घोटाळा होतो. हात चोळल्यावर ९७ आला, पण ९३ काही डोक्यातून गेला नाही.

म्हणून आधी मोजायची रीत. पाच मिनिटं शांत बसायचं, हात गरम करून छातीच्या पातळीला टेकवायचा, आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं. एवढं करूनही तो ९४ च्या खालीच राहिला तर तडक डॉक्टर. ही रेघ आखून दिल्याशिवाय पुढचं काही सांगूच नये.

आता ९८ असताना श्वास का पुरत नाही? भीतीने श्वास भराभर आणि वरच्यावर चालतो. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यानेच चक्कर येते, मुंग्या येतात, बोटं आखडतात, आणखी हवा हवीशी वाटते. ऑक्सिजन पुरेसाच असतो. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. त्रास खरा असतो, शरीरात होत असतो. "मनाचे खेळ आहेत" असं म्हटलं की पोर बोलणंच बंद करते.

घरचे सांगतात, "मोठ्ठा श्वास घे." इथेच बिघडतं. जोर लावून मोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो आणि चक्कर वाढते. श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकाने चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, पाच मिनिटं. आणि हा सराव बरं वाटत असताना रोज दोनदा करायचा. झटक्याच्या वेळी पहिल्यांदाच करून पाहिला तर जमत नाही.

खरी मेहनत मात्र मोजणी कमी करण्यात आहे. आकडा पाहिला की काही मिनिटं हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो की सुटका यंत्रामुळेच झाली. म्हणून पुढची भीती लवकर येते. यंत्र हिसकावून घेऊ नये. तसं केलं तर मुलं लपून मोजतात, नाहीतर मोबाइलवर लक्षणं शोधत बसतात. तिला पहिला आठवडा फक्त नोंद करायला सांगितलं, मोजण्याआधी आणि नंतर भीती दहापैकी किती. मग मोजावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं, पुढे वीस. न मोजताही भीती उतरते, हे तिला स्वतःच्याच वहीत दिसलं. २६ वरून १२, मग ६, शेवटी सकाळ-संध्याकाळ दोनदा. आईलाही एक काम दिलं होतं. "मी ठीक आहे ना?" या प्रश्नाला दर वेळी समजूत घालायची नाही, "आपलं ठरलंय ना, थांबून बघू" एवढंच म्हणायचं. आईला हे फार जड गेलं.

आजीची, पेपरची, नेटवर्कची काळजी संध्याकाळी साडेसहाला, वीस मिनिटं, कागदावर. एका बाजूला आज करता येण्यासारखं, दुसऱ्या बाजूला न येण्यासारखं. अंथरुणात अभ्यास बंद, उठायची वेळ ठरलेली.

पेपरच्या दिवशी मोजणी पुन्हा नऊवर गेली. असं होतंच. दुसऱ्या दिवशी आदल्या आठवड्याचाच आकडा धरायचा, पहिल्यापासून सुरुवात करायची नाही.

ती लाट ओसरली. आता ऑक्सिमीटरच्या जागी मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके पाहिले जातात, उपाय तोच. मात्र दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलंच असेल किंवा पेपर चुकू लागले असतील तर मेडिकलच्या, म्हणजे नागपुरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवावं. "मी नसलेलीच बरी" असं मुलगी बोलली तर मात्र त्याच दिवशी, तिला एकटं न सोडता. रात्रीबेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास आणि मोफत. तिथे मराठीतही बोलता येतं.